मोठी कोणती?

आमच्या घरातल्या महालक्ष्म्या माझ्या भावजयीकडे गेल्या, त्या वर्षी मी जितकी जळले तितकी आयुष्यात कधीच जळले नाही. बरोबरीच्या मैत्रिणींची लग्नं झाली तेव्हा नाही, आणि माझ्या मागून आलेले लोक विभागप्रमुख होऊन खुर्चीत बसले तेव्हाही नाही. गंमत म्हणजे माझा त्या महालक्ष्म्यांवर विश्वास नव्हता. आजही नाही.

मी रायपूरच्या एका कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवत होते. त्यातही माझा जीव संशयवाद्यांवर. आपल्याला वाटतं तितकं आपल्याला माहीत नसतं, म्हणून जरा दमानं घ्यावं, असं म्हणणारी माणसं मला पहिल्यापासून आवडत आली. वर्गात पोरं थोडी, त्यातली बरीचशी दुसऱ्या विषयात जागा मिळाली नाही म्हणून आलेली. परीक्षा जवळ आली की एखादी मुलगी हात वर करून विचारायची, "मैडम, तो फाइनल में क्या लिखना है? भगवान है कि नहीं?" मी सांगायचे, दोन्ही बाजू लिहा आणि तुम्ही कुठे अडलात ते लिहा. ती हिरमुसून खाली बसायची. तिला उत्तर हवं असायचं आणि मी तिला अडायला शिकवत होते.

अडायचं मी लहानपणीच शिकले होते. घरात माझी थट्टा व्हायची ती "कशावरून" या एका शब्दावरून. आज पाऊस येणार म्हटलं की मी विचारायचे, कशावरून? पाहुणे चांगले आहेत म्हटलं की कशावरून? वडील हसायचे. ते रेल्वेत होते, नागपूरहून बदली होऊन इथे आले आणि बूढापाऱ्यात तलावाजवळ भाड्याचं घर घेऊन इथलेच झाले. ते अचानक गेले तेव्हा मी नुकती नोकरीला लागले होते आणि धाकटा भाऊ भोपाळला शिकत होता. त्यानंतर घरात आई आणि मी.

भाद्रपदात तीन दिवस येणाऱ्या ज्येष्ठा आणि कनिष्ठा यांना पुण्याकडचे लोक गौरी म्हणतात, आम्ही विदर्भातले महालक्ष्म्या म्हणतो. आमच्याकडे त्यांचे दोन पितळी मुखवटे आहेत. पत्र्याच्या कोठ्या मांडायच्या, त्यांवर कापडाची धडं चढवायची, साड्या नेसवायच्या आणि शेवटी मुखवटे ठेवायचे. वडील गेल्यावर आईनं हळदकुंकवाला हात लावणं सोडलं. विधवेनं लावायचा नाही हे कोणी ठरवलं, कशावरून ठरवलं, यावर मी तिच्याशी पुष्कळ भांडले. ती ऐकून घ्यायची आणि करायचं तेच करायची. पण महालक्ष्म्या बंद करायलाही ती तयार नव्हती. तेव्हा बसवायच्या मी, आणि आईनं बाजूला पाटावर बसून एकेक वस्तू हातात द्यायची, असं ठरून गेलं.

मुखवटे दोन कापडांत बांधलेले असायचे. लाल खणातली मोठी, हिरव्या खणातली धाकटी. मोठी आधी घरात येते, मानही तिचा आधी, म्हणून मोठी कोणती हे चुकून चालत नाही. आई लाल गाठोडं सोडायची आणि म्हणायची, "ही मोठी घे."

"कशावरून?"

"लाल कापडात होती."

"कापडात कोणी घातली?"

"मी."

"तुले कशावरून समजलं?"

"मले माहीत आहे."

दरवर्षी एवढं व्हायचंच. मुखवटे एकाच साच्यातले होते. मी ते खिडकीशी नेऊन उजेडात फिरवून पाहिले आहेत. नाक तेच, कपाळ तेच, कुठे खोक नाही, ओरखडा नाही. म्हणजे पुरावा शोधत मागे मागे गेलं की शेवटी आई उभी असायची, आणि आईच्या मागे काहीच नसायचं. वर्गात मी अंधश्रद्धा वगैरे शब्द फारसे वापरत नसे. पण कसलाही आधार न देता "मले माहीत आहे" म्हणून गप्प बसणं म्हणजे काय, हे शिकवायची वेळ आली की माझ्या डोळ्यांपुढे आईचा तो शांत चेहरा यायचा आणि मला चीड यायची.

तरी पाटावर बसून मी निऱ्या घालायचे. विश्वास नसला तरी माझा हात बसलेला होता. कोठीला कंबर नसते, तिच्यावर नऊवारी नेसवून ती बाई उभी आहे असं वाटायला लावणं सोपं नाही. पदर खांद्यावरून कसा सोडायचा, पिना कुठे दडवायच्या, हे मला कोणी शिकवलं नव्हतं. पहिल्या पगारात सदर बाजारातून मी मोठीसाठी मोत्यांची नथ आणली होती. मोठी कोणती याची खात्री नसताना मोठीसाठी नथ आणणं हा विनोद माझ्या लक्षात आला होता, पण मोती खरंच सुरेख होते. आजूबाजूच्या बायका दर्शनाला यायच्या आणि विचारायच्या, "साड़ी किसने पहनाई?" आई माझ्याकडे बोट दाखवायची. तेवढ्यासाठी मी वर्षभर वाट पाहायचे असं म्हटलं तर फार खोटं होणार नाही.

मग राज्य नवं झालं, रायपूर राजधानी झाली, आणि भोपाळला सरकारी नोकरीत चिकटलेला माझा भाऊ बदली मागून बायकोसह इकडे आला. त्या दिवसांत शहराला एकाएकी सगळं माहीत झालं होतं. मंत्रालय कुठे जाणार, कोणता रस्ता रुंद होणार, कुठली जमीन सोन्याच्या भावानं जाणार, हे पानठेल्यावरचा माणूसही छातीठोकपणे सांगायचा, आणि उद्या वेगळं सांगायचा तेही तितक्याच छातीठोकपणे. भावानं एका नव्या कॉलनीत घर घेतलं. रस्ते कच्चे, नळ कोरडे, पण कॉलनीचं नाव मोठं झोकदार.

भावजय बिलासपूरच्या रेल्वे कॉलनीत वाढलेली. मराठी सगळं समजायचं, उत्तर मात्र हिंदीत. हात चलाख, मन साफ, आणि कशाबद्दलही शंका म्हणून नाही. मंगळवारी केस धुवायचे नाहीत. फ्रिजचं दार दक्षिणेला उघडता कामा नये. पोर अभ्यासात मागे असेल तर त्याला बुधवारी हिरवे मूग द्यावेत. मी सवयीनं विचारलं, कशावरून? ती म्हणाली, "ऐसाच होता है, दीदी," आणि माझ्यासमोर गरम भजी ठेवली. तिचा धड राग करायचीही सोय नव्हती.

त्या वर्षी श्रावणात एका संध्याकाळी आई बूढापाऱ्याच्या गॅलरीत बसून म्हणाली, "यंदा महालक्ष्म्या तिकडं बसतील."

मी वह्या तपासत होते. "काहून?"

"सवाष्णीच्या हातानं बसायला पाहिजेत. सून इथं नव्हती तोवर ठीक होतं. आता मीही तिकडंच राहीन म्हणते. पोट्टा किती दिवसापासून ये म्हणून राहिला."

"आणि मी?"

"तू येशील नं. सोळा भाज्या असतात, निवडायला माणूस लागतेच."

इतकी वर्षं बसवून मी भाज्या निवडणाऱ्यांत जमा झाले. मी "बरं" म्हटलं आणि पुढची वही उघडली. त्या वहीतल्या मुलीला मी कमी गुण दिले असतील तर नवल नाही.

आई लगेच तिकडे राहायला गेली. पुढचा महिनाभर कॉलेजला जाता-येता मी रिक्षात स्वतःशी वाद घालत होते. माझं नेमकं काय गेलं? देवी नाही असं मीच म्हणते, तर गेलं ते दोन पितळी तोंडं आणि थोडं कापड. पण वाद कुठेच पोचत नव्हता. आईला सून माझ्यापेक्षा जवळची वाटते, ही एकच गोष्ट मला स्वच्छ दिसत होती. सून तिच्या डोक्याला तेल लावते. आई माझ्याकडे दूध नको म्हणायची, तिच्याकडे पिते. फोनवर मी बोलत असताना आई मध्येच तिकडे वळून हसते. एवढ्यावरून मी निकाल लावून टाकला होता. वर्गात कोणी असल्या पुराव्यावर निकाल लावला असता तर मी त्याला उभं केलं असतं. पण स्वतःच्या मत्सराला मी एकदाही कशावरून असं विचारलं नाही.

महालक्ष्म्या यायच्या दिवशी मी सकाळीच नव्या घरी गेले. विळी घेऊन मागच्या अंगणात पडवळ चिरायला बसले, आणि वर पाहिलं तर दोरीवर दोन्ही खण वाळत होते. लाल आणि हिरवा, शेजारी शेजारी, धुऊन स्वच्छ. खाली चिंचेच्या पाण्यानं भरलेला गंज, त्यात दोन्ही मुखवटे एकत्र पडलेले. हा घोळ आमच्या घरात कधीच झाला नव्हता, कारण मुखवटे आई स्वतः घासायची आणि कोणाला जवळ येऊ द्यायची नाही. सूनबाईंनी सोवळ्याच्या उत्साहात सगळंच एकदम धुऊन टाकलं होतं.

मला जो आनंद झाला तो काही चांगल्या माणसाला होणारा आनंद नव्हता. आता सांग म्हणावं मोठी कोणती. आता आई तिच्यावर चिडेल, मग माझ्याकडे वळेल, आणि मी म्हणेन, अगं, जाऊ दे, होतं असं. काय म्हणायचं ते मी ठरवूनही ठेवलं.

थोड्या वेळानं भावजय बाहेर आली, गंज पाहिला, दोरी पाहिली, आणि तिचा चेहरा उतरला. मुखवटे उचलून ती आत आईच्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. मी विळी थांबवली. आधी तिच्या रडण्याचा आवाज आला. मग आईचा हळू आवाज, शब्द कळत नव्हते.  आणि मग दोघींचं हसणं ऐकू आलं. आईचं असं हसणं मी कित्येक वर्षांत ऐकलं नव्हतं.

दार उघडलं. भावजयीच्या हातात दोन्ही मुखवटे लख्ख चमकत होते, डोळे लाल होते आणि आवाज नेहमीसारखा ठाम. "ये बड़ी हैं," तिनं उजवा हात पुढे करून सांगितलं.

"कशावरून?" मी विचारलं.

त्या दोघींनी एकमेकींकडे पाहिलं आणि पुन्हा हसल्या.  भावजय तांदूळ घ्यायला आत गेली आणि आई तिच्या मागोमाग गेली.

त्या दिवशीच्या बाकीच्या गोष्टी मला तुकड्यातुकड्यांनी आठवतात. दारापासून आतपर्यंत कुंकवाची पावलं काढली होती, भाऊ ताट वाजवत होता. साडी तिनं नेसवली. निऱ्या एका बाजूला कलल्या होत्या, पदर मानेशी गोळा झाला होता, आणि एक पीन चक्क समोर दिसत होती. माझी नथ त्या वेंधळ्या पदरावर लटकत होती. कॉलनीतल्या बायका आल्या आणि म्हणाल्या, "कितनी सुंदर लग रही हैं।" माझे हात शिवशिवत होते. मी स्वयंपाकघरात जाऊन लाल भोपळा इतका बारीक चिरला की त्याची भाजी न होता लगदा झाला.

दुसऱ्या दिवशी पुरणपोळीची पंगत उठली. मी आणि भावजय ओट्याशी उभ्या राहून ताटं पुसत होतो. ती थकली होती आणि खुशीत होती.

"दीदी, कल तो मेरी जान ही निकल गई थी," ती म्हणाली. "दोनों को एक साथ इमली में डाल दिया। मैं तो रोने लगी। मम्मी बोलीं, रो मत, मुझे भी कहाँ पता है। उनकी सास बताने से पहले ही चल बसीं। जिस पर पहले हाथ पड़ा, उसी को बड़ी मान लिया। लाल-हरा भी मम्मी ने ही शुरू किया।" तिनं ताट मांडणीत ठेवलं. "आपको तो बताया ही होगा।"

"हव," मी म्हटलं. छत्तीसगढीतला तो छोटासा होकार त्या वेळी बरा उपयोगी पडला, कारण त्याहून मोठा शब्द माझ्या तोंडून निघाला नसता.

खरं तर मी जिंकले होते. वर्षानुवर्षं जे मी आईच्या तोंडून काढायला बघत होते ते बाहेर आलं होतं, साक्षीदारासह. तिला माहीत नव्हतं. कधीच नव्हतं. पण मला झाली ती नुसती आग. मुखवटे सुनेला दिले, दे. मान दिला, दे. ती रीतच आहे, आणि रीत मला मान्य नसली तरी समजते. पण संशय तर माझा होता. या घरात तो मी एकटीनं सांभाळला होता, त्यासाठी बोलणी खाल्ली होती, थट्टा सोसली होती. आईजवळ तिचा स्वतःचा थोडासा संशय होता, तर तो माझ्या वाट्याला यायला पाहिजे होता. तोही तिनं उचलून अशा बाईला दिला जिला त्याचा काही उपयोग नव्हता.

तिसऱ्या दिवशी अक्षता टाकून महालक्ष्म्या हलवल्या. भाऊ कोठ्या उचलायला लागला, भावजय स्वयंपाकघरात गेली. आई पुढच्या खोलीत पलंगावर वाती वळत बसली होती. मी मुखवटे आणि दोन्ही खण घेऊन तिच्याजवळ बसले.

"मले काहून नाही सांगितलं?"

"काय?"

"तुलेही माहीत नव्हतं ते."

ती दचकली नाही. हातातली वात पुरी केली. "तिनं सांगितलं वाटते."

"तिले एका दिवसात सांगितलं. मी दरवर्षी विचारत होती."

"म्हणूनच नाही सांगितलं." तिनं कापूस उचलला. "मी म्हटलं असतं मले माहीत नाही, तर तू बसवल्या असत्या का?"

मी "हो" म्हणायला तोंड उघडलं, आणि तसंच मिटलं.

"तू तर वाटच पाहून राहिली होती," आई म्हणाली. "मी एकदा चुकली असती की तू पिना खाली ठेवून उठली असती. मग बसवणार कोण? तुझे बाबा गेले, पोट्टा भोपाळले. मले तर हळदकुंकवाले हात लावायचा नव्हता. घरात दोघी आपण. तू कशावरून, कशावरून करत राहिली, मग मले माहीत आहे, माहीत आहे करत राहावं लागलं. दोघी म्हटल्या असत्या माहीत नाही, तर कसं चाललं असतं?"

मी मुखवट्यावरचं कुंकू बोटानं पुसलं.

"मलेही वाटे, खरंच कोणती असेल मोठी. एखाद वर्षी तर भीतीच वाटे. पण कोणाले विचारू? तुले?" ती जराशी हसली. "आता हिले सगळं माहीत आहे. मले मोकळं वाटून राहिलं."

वर्गात मी नेहमी सांगत आले होते की शंका घ्यायला मेहनत लागते आणि खात्री बाळगणं हे आळशी माणसाचं काम. आमच्या घरात मेहनत कोण करत होतं हे मला कधी दिसलंच नाही. मी दरवर्षी प्रश्न विचारून मोकळी व्हायचे आणि निऱ्या घालायला लागायचे. उत्तर नसताना उत्तर धरून बसायचं काम तिच्याकडे होतं.

मी दोन्ही खण मांडीवर पसरले. "कोणती कशात बांधू?"

"मले नको विचारू," आई म्हणाली, आणि हे ती इतकं सहज म्हणाली की मला तिच्याकडे बघवेना.

मी भावजयीला हाक मारली. ती ओले हात पदराला पुसत दारात आली.

"मोठी कोणती?"

तिनं क्षणभरही विचार केला नाही. "ये," तिनं बोट दाखवलं.

तो शब्द माझ्या जिभेवर आलेला होता. आई चष्म्यावरून माझ्याकडे पाहत होती. मी तिनं दाखवलेला मुखवटा उचलला, लाल खणात ठेवला, चारी टोकं जुळवली आणि गाठ मारली. भावजय परत गेली. आईनं नजर खाली घेतली, पुढची वात हातात घेतली आणि हलक्या हातानं वळायला लागली. त्या वेळी तिच्या चेहऱ्यावर जो निवांतपणा होता तो माझ्या घरी इतक्या वर्षांत मी तिला एकदाही मिळू दिला नव्हता.